इंटरकूलरमध्ये ऑइल साचतंय? धुवायच्या आधी ते कुठनं येतंय ते शोधा

मागच्या वर्षी रत्नागिरीहून चिरा (जांभा दगड) भरून येत होतो, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर फट्ट करून आवाज झाला, गाडीचा जीवच गेला. मागं काळा धूर, पिकअप शून्य, दुसऱ्या गिअरलाही ओढंना. खाली उतरून बघितलं तर इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोनं दाबून पाठवलेली गरम हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणाऱ्या जाळीचा, होज पाइप सुटून लोंबकळत होता, क्लॅम्प जागच्या जागी घट्ट, पण आतनं रबर ऑइलनं इतकं बुळबुळीत झालेलं की बूस्टच्या (टर्बोनं दाबलेल्या हवेच्या) प्रेशरनं पाइप सरळ सरकून बाहेर आला. पुसून, परत आवळून कसाबसा घरी आलो. मिस्त्रीनं नवा क्लॅम्प टाकून दिला, म्हणाला झालं काम. पंधरा दिवसांत तोच पाइप परत सुटला.

तेव्हा डोक्यात बसलं की क्लॅम्प हा रोग नाहीच, आत ऑइल येतंय हा रोग आहे. आणि नुसतं इंटरकूलर धुवून पण भागत नाही, येणारं ऑइल येतच राहतं. आपल्याकडं कोल्हापुरात शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव कुठंही जावा, धुवून देणारे लई मिळतील, कुठनं आलं ते बघणारे थोडे. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या की ऑइल तिथं पोचतं कसं. पिस्टनच्या रिंगांमधनं थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातोच, नव्या इंजिनात पण जातो, यालाच आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्या गॅसला बाहेर वाट पायजे म्हणून ब्रीदर असतो. जुन्या गाड्यांचा ब्रीदर पाइप सरळ खाली रस्त्याकडं सोडलेला असायचा, धूर मारताना दिसायचा, ड्रायव्हरला लगेच कळायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांत तो गॅस सेपरेटरमधनं काढून टर्बोच्या आधी हवेच्या पाइपात परत सोडतात. सेपरेटरनं ऑइलचे बारीक थेंब वेगळे करून खाली चेंबरला पाठवायचे असतात. तो चोंदला की ऑइल गॅसबरोबर टर्बोत, टर्बोतनं इंटरकूलरमध्ये, तिथनं मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाला. त्यात ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी सिस्टीम) असेल तर एक्झॉस्टची काजळी त्या ऑइलात मिसळते आणि मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर बसतो, हवेचं भोक दिवसेंदिवस बारीक होत जातं.

आता किती ऑइल चालतं? पाइपात बोट घातलं आणि आतनं तेलकट, ओलसर लागलं तर घाबरू नका, एवढं सगळ्याच गाड्यांत असतं. पण पाइप काढताना धार लागली, इंटरकूलरच्या बुडाशी साचलं, तर मात्र बघायलाच पायजे. माझ्या गाडीतनं चहाचे दोन कप भरतील एवढं निघालं होतं.

आता शोधायचं कसं, हा भाग नीट वाचा. इंजिन थंड असताना एअर फिल्टरकडनं टर्बोत जाणारा पाइप काढा आणि टर्बोच्या तोंडात टॉर्च मारा. ब्रीदरचा पाइप जिथं जोडलाय तिथनं पुढं ओलं आणि टर्बोचं तोंड पण ओलं, तर ऑइल ब्रीदरकडनं येतंय. आत जाणारी बाजू कोरडी आणि बाहेर पडणारी बाजू ओलीचिंब, तर टर्बोच्या सीलवर संशय घ्या. मग टर्बोचा पंखा बोटानं हलवून बघा, आडवा किंचित हलतो ते चालतं, पण पुढंमागं हलत असेल किंवा पंखा कडेला घासल्याची खूण असेल तर टर्बो खोलायला लागणार. नवा टर्बो घ्यायच्या आधी मात्र दोन गोष्टी बघाच. टर्बोतनं चेंबरला ऑइल परत आणणारा पाइप मोकळा आहे का, कारण तो चोंदला की सील चांगलं असून पण ऑइल बाहेर येतं. आणि एअर फिल्टर चोंदलाय का, कारण हवा मिळंना झाली की टर्बो तिथंच ओढ घेतो आणि सीलमागचं ऑइल खेचतो. ऊसतोडीच्या फडातली आणि कारखान्याच्या यार्डातली धूळ ज्यांनी खाल्लीय त्यांना वेगळं सांगायला नको.

ब्रीदरकडनं येत असेल तर प्रश्न असा की ब्रीदर चोंदलाय की रिंगा गेल्यात? इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण सैल करून भोकावर नुसतं उलटं ठेवा, तोंड लांब ठेवा कारण गरम ऑइल उडतं. झाकण जरा थरथरलं तर ठीक. उडून पडलं, भसाभस धूर आला, तर आत प्रेशर आहे. मग इंजिन बंद करून ब्रीदरचा पाइप सेपरेटरच्या आधीच सोडवा आणि परत तीच टेस्ट करा. आता प्रेशर उतरलं तर सेपरेटर किंवा पुढचा पाइप चोंदलाय, काम स्वस्तात होतंय. तरी पण मारतंय तर रिंगा, लायनरकडं बघा, कॉम्प्रेशन चेक करून घ्या आणि मगच इंजिन उतरवायचं ठरवा. आमच्या ओळखीच्या एकानं ही टेस्ट न करताच हाफ इंजिन बांधून घेतलं, खर्च करून गाडी रोडवर आणली आणि ऑइल येतंय तसंच, कारण सेपरेटर जुनाच होता. लई वाईट वाटलं, त्याचा सगळा सीझन गेला.

अजून एक, डीपस्टिक बघताना गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून 10-15 मिनिटांनी बघा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक ते ऑइल घुसळतो आणि सगळं ब्रीदरला जातं. जास्त घातलं म्हणजे इंजिनाला चांगलं, असं काही नाही. आणि पावसाळ्यात गगनबावडा, आंबा या बाजूला छोट्या छोट्या खेपा मारणाऱ्यांना झाकणाखाली, ब्रीदरमध्ये दुधाच्या चहासारखा फेस दिसतो. ते बऱ्याचदा नुसतं पाण्याचं बाष्प असतं, इंजिन पुरतं तापत नाही म्हणून. पण कूलंट पण कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघून घ्या.

आता धुलाई. इंटरकूलर गाडीवर ठेवून धुवू नका, खाली काढा. उभं करून सगळं ऑइल निथळू द्या, मग डिझेल किंवा रॉकेल घालून तोंडं बंद करून हलवा, ओता, स्वच्छ निघेपर्यंत परत करा. नंतर साबणाचं गरम पाणी, मग साधं पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा हळू प्रेशरनं. पेट्रोल वापरू नका, आग लागायला एक ठिणगी बास होते. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, इंटरकूलर अॅल्युमिनियमचं असतं, कॉस्टिक ते खातं. आणि घाई करू नका, एक दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या. आत डिझेल राहिलं आणि तसंच बसवून स्टार्टर मारला तर इंजिन ते ओढून घेतं आणि आपोआप रेसवर जातं. चावी बंद करून थांबत नाही, कारण पंप बंद झाला तरी त्याला आत जळायला मिळत असतं. अशी वेळ आलीच तर हवा बंद करायची, इनटेकच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबून. हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जातं. गाडी रस्त्यावर पळत असेल तर वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून बंद पाडा.

होज पाइप आतनं फुगलेले, मऊ पडलेले असतील तर नवे टाका. चांगले असतील तर आतली बाजू आणि ज्या नळीवर चढतात ती नळी, दोन्ही अगदी कोरडी पुसून मगच क्लॅम्प आवळा, ग्रीस लावू नका. मॅनिफोल्डवरचा बूस्ट सेन्सर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, टोकाला तार, ब्रश काही लावू नका. पिकअप नसायला कित्येकदा तो एकटाच कारण असतो.

ब्रीदरचा पाइप काढून रस्त्यावर सोडायचा सल्ला लई जण देतात. रस्त्यावर ऑइल सांडतं, मागनं येणारा दुचाकीवाला घसरतो, आणि बीएस-६ गाडीत असली छेडछाड पासिंगला पण अडचणीची. कॅच कॅन (ब्रीदरच्या गॅसमधलं ऑइल धरणारा डबा) बसवायचा असेल तर आतमध्ये जाळी असलेला घ्या, पाइप मूळच्याच साइझचा, कुठं मुरगळलेला नको. तो वेळेवर रिकामा करायला लागतो, पावसात पाण्यानं पण भरतो. भरून चोंदला तर इंजिनातलं प्रेशर वाढून क्रँकची सीलं लीक होतात. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, जळलेल्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती रीजेनला, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून काढताना, जळत नाही.

कारखान्याच्या लाइनीत तास तास इंजिन चालू ठेवायची सवय पण मोडा. आयडलवर रिंगा नीट दाबून बसत नाहीत, काजळी वाढते. आणि घाट चढून आल्या आल्या मात्र लगेच बंद करू नका, एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, टर्बोचं ऑइल जळत नाही.

सगळं झाल्यावर किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनं तोच होज परत उघडा. माझ्या गाडीला शेवटी सेपरेटर नवा टाकला, टर्बोला हात पण लावला नाही. हजार किलोमीटरनं मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची (ढेपांची) लोडिंग चालू असताना पाइप काढून आतनं बोट फिरवलं, बोटाला नुसता ओलसरपणा लागला. त्यानंतर चिरा भरून दोनदा आंबा चढलो, पाइप जागचा हलला नाही.