पॅकेजच्या डिजिटल सहीची स्वयंचलित चाचणी : या चुका टाळा

इंदूरमधल्या आमच्या छोट्या कार्यालयात ग्राहकांच्या लिनक्स सर्व्हरांवर बसणारी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, तयार होतात. त्यांवर खासगी चावीने डिजिटल सही करणे आणि सार्वजनिक चावीने ती सही तपासणे हा प्रत्येक रिलीजचा शेवटचा टप्पा असतो. या टप्प्याची चाचणी लिहिण्याचे काम सहसा नव्याने आलेल्यांकडे जाते, कारण ते सोपे दिसते, आणि जवळजवळ प्रत्येक जण त्याच त्या चुका करतो. त्यांतली सर्वांत महागात पडलेली चूक मात्र माझी स्वतःची आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

सही नसलेले पॅकेजही उत्तीर्ण होते

नवशिक्याची चाचणी साधारण अशी असते : पॅकेज घ्यायचे, आरपीएम या पॅकेज-व्यवस्थेतल्या आरपीएमकीज या आज्ञेला सही तपासणारा चेकसिगचा पर्याय देऊन ती त्यावर चालवायची, आणि आज्ञेने शून्य, म्हणजे यश, परत केले की सही बरोबर आहे असे मानायचे. यातली मेख अशी की आरपीएमच्या चौथ्या मालिकेत मूळ सेटिंगवर सही अजिबात नसलेले पॅकेजही हीच आज्ञा शून्य परत करून पुढे सोडते. पॅकेजच्या आत स्वतःचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे, असतात, ते मजकुराशी जुळतात, आणि सही नसल्यामुळे तपासण्यासारखे दुसरे काही उरत नाही. फरक फक्त छापून येणाऱ्या ओळीत दिसतो. सही असलेल्या पॅकेजसाठी ‘डायजेस्ट्स सिग्नेचर्स ओके’ असे येते आणि सही नसलेल्यासाठी नुसते ‘डायजेस्ट्स ओके’. हॅश पॅकेजच्या आतच असल्यामुळे पॅकेज बदलणारा तोही बदलू शकतो, तेव्हा त्या ‘ओके’वरून फाइल वाटेत खराब झाली नाही एवढेच कळते, ती कोणाकडून आली हे कळत नाही.

आमच्याकडे बिल्डचे यंत्र बदलले, आणि सहीच्या चावीचा पासफ्रेझ ज्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला जात असे ते नाव नव्या यंत्रावर वेगळे पडले. सही करण्याची आज्ञा अपयशी ठरू लागली. पण त्या ओळीच्या शेवटी, अपयश आले तरी पुढे जा, असे सांगणारे ‘ऑर ट्रू’ मीच कधीतरी ‘तात्पुरते’ लावून ठेवले होते, त्यामुळे कोठेही लाल दिवा लागला नाही. पुढे चेकसिगने शून्य दिले. त्याही पुढची चाचणी पॅकेज खरोखर बसवून पाहणारी होती. परंतु ती डीएनएफ या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला फाइलचा थेट मार्ग देत असे, आणि अशा स्थानिक फाइलींची सही डीएनएफ मूळ सेटिंगमध्ये तपासत नाही, मग रेपोसाठी, म्हणजे पॅकेजेसच्या भांडारासाठी, सही तपासायला लावणारे जीपीजीचेक चालू असले तरीही. स्थानिक फाइलींसाठी लोकलपॅकेज-जीपीजीचेक नावाची वेगळी सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. तीन पहारेकरी होते आणि तिघेही झोपलेले होते.

रिलीज गेले रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या राज्यातल्या एका ग्राहकाचा फोन आला की त्यांचा डीएनएफ पॅकेजवर सही नाही म्हणून अद्ययावत करण्यास नकार देतो आहे. बिल्डचे यंत्र बाहेरून पोहोचता येणार नाही असे मुद्दाम ठेवलेले होते, आणि कार्यालय राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इंदूरमध्ये कोणासाठीही वाट सोडत नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर डोक्यापासून पायापर्यंत गुलाल अंगावर घेऊन मी कार्यालयात पोहोचलो, सही केली, आणि त्या कीबोर्डच्या फटींतला गुलाबी रंग पुढे कित्येक महिने निघाला नाही. ग्राहकाचे यंत्र काटेकोर होते म्हणून हे उघडकीला आले. त्याने जीपीजीचेक बंद केले असते, आणि तसे करणारे कमी नाहीत, तर आम्ही सहीविना पॅकेजेस पाठवत राहिलो असतो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की खऱ्या पॅकेजला हात लावण्याआधी चाचणीने वाईट पॅकेजेस तपासावीत. एक कधीच सही न केलेले, एक आरपीएमसाइन या आज्ञेने सही काढून टाकलेले, एक अनोळखी चावीने सही केलेले आणि एक सहीनंतर बदललेले. यांतले एक जरी स्वीकारले गेले तरी रिलीज तिथेच थांबते. प्रत्येक नकाराचे कारणही मी जुळवून पाहतो, कारण फाइलचे नाव चुकले तरी आज्ञा अपयशी ठरते आणि ‘नकार मिळाला’ म्हणून चाचणी आनंदाने हिरवी होते. चेकसिग चालवताना पॅकेज-व्हेरिफाय-लेव्हल हा आरपीएमचा मॅक्रो, म्हणजे सेटिंग, ‘ऑल’ करावा, म्हणजे सही नसणे हेच अपयश धरले जाते. बसवण्याची चाचणी थेट फाइलवरून न करता, जीपीजीचेक चालू असलेला तात्पुरता रेपो उभा करून त्यातून करावी. याला दोन मिनिटे जास्त लागतात, आणि ती वाचवण्यासाठी दर वर्षी कोणीतरी माझ्याशी वाद घालतो.

बाइट कोठला बदलला?

बदललेले पॅकेज कसे तयार करावे, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. आमच्या एका मुलाने पॅकेजमधला कोणताही एक बाइट यादृच्छिकपणे उलटवून नकाराची अपेक्षा करणारी चाचणी लिहिली. कल्पना चांगली होती, पण ती चाचणी अधूनमधून नापास व्हायची, म्हणजे बदललेले पॅकेज सुखरूप तपासून पुढे जायचे. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “सर, कधीतरीच होतं. मी तीनदा पुन्हा चालवायला लावलं आहे.”

सहीच्या चाचणीत पुनःप्रयत्न लावणे ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत आळशी खोड आहे. नेटवर्कवरून फाइल आणताना तो शोभतो. एका फाइलवर एका चावीने केलेली तपासणी मात्र दर वेळी तेच उत्तर देते. उत्तर बदलत असेल तर चाचणीला दर वेळी दिली जाणारी फाइल बदलते आहे, आणि काय बदलते आहे ते शोधलेच पाहिजे. ते शोधायला आम्हांला अर्धा दिवस लागला. आरपीएम फाइलचे पहिले ९६ बाइट ‘लीड’ नावाचे जुने शीर्षक असते. त्यात पॅकेजच्या नावासाठी ६६ बाइट राखलेले असतात, परंतु आजचे आरपीएम ते नाव वाचून कोणताही निर्णय घेत नाही, आणि सहीही या भागाला व्यापत नाही. चाचणीसाठी वापरलेले पॅकेज अगदी लहान होते, त्यामुळे यादृच्छिक बाइट कधी कधी त्या ९६ मध्ये जाऊन पडत असे. आरपीएमचे काहीच चुकत नव्हते. सही जेथे पोहोचतच नाही तेथे आम्ही खाडाखोड करत होतो.

जुन्या मराठी राजपत्रांत आरंभी शिक्का आणि मजकूर संपल्यावर ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब उमटवत, ते नेमके सही कोठवर लागू आहे या प्रश्नासाठी. मोर्तबाच्या खाली कोणी चार ओळी वाढवल्या तर त्या पत्राचा भाग ठरत नसत. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण सही तपासताना त्यातला मोर्तब विसरतो. विंडोजच्या ऑथेंटिकोड सहीतही एक्सी फाइलचे चेकसम आणि खुद्द सहीचा तक्ता हॅशमधून वगळलेले असतात. म्हणून आता आम्ही बाइट यादृच्छिकपणे निवडत नाही. मुख्य हेडरमध्ये एक, आतल्या संकुचित मजकुरात एक आणि सहीच्या स्वतःच्या आकड्यांत एक, अशा तीन ठरावीक जागा बदलून तिन्ही नकार तपासतो.

याच जातीची एक चूक जीपीजी या सह्या करणाऱ्या आणि तपासणाऱ्या साधनाच्या बाबतीत होते. पॅकेजपासून वेगळ्या ठेवलेल्या सहीची फाइल तपासताना व्हेरिफाय या आज्ञेला फक्त सहीचे नाव दिले, तर त्या नावाखाली कोणी मजकूर आतच सामावलेली सही ठेवल्यास जीपीजी तिचाच मजकूर तपासते आणि शेजारच्या पॅकेजकडे ढुंकूनही पाहत नाही. दोन्ही फाइलींची नावे नेहमी द्यावीत.

सही चांगली आहे, पण कोणाची?

जीपीजीने शून्य परत केले याचा अर्थ एवढाच की कीरिंगमधल्या, म्हणजे चाव्यांच्या जुडग्यातल्या, कोणत्या तरी चावीने केलेली सही जुळली. बिल्डच्या यंत्रावरील कीरिंग ही घरातल्या अडगळीच्या खणासारखी असते. नोकरी सोडून गेलेल्यांच्या आणि कधीतरी प्रयोगासाठी केलेल्या चाव्या तिच्यात तशाच पडून राहतात. ‘गुड सिग्नेचर’ हे शब्द ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधणे त्याहून वाईट, कारण तो संदेश यंत्राच्या भाषेनुसार बदलतो आणि त्यापुढचे नाव चावी बनवणाऱ्याने स्वतःच लिहिलेले असते. यंत्रासाठी असलेल्या स्टेटस ओळी वाचणे योग्य, पण त्या स्वतंत्र फाइल डिस्क्रिप्टरवर, म्हणजे वेगळ्या प्रवाहात, घ्याव्यात. जून २०१८ मध्ये उघड झालेल्या सिगस्पूफ या दोषात, म्हणजे दोषांच्या सार्वजनिक यादीतल्या सीव्हीई-२०१८-१२०२० मध्ये, संदेशात आत लपवलेल्या फाइलनावातून खोट्या स्टेटस ओळी घुसवता येत होत्या. व्हर्बोज, म्हणजे सविस्तर संदेश, चालू ठेवून स्टेटस आणि त्रुटींचे संदेश एकाच प्रवाहात घेणारे त्याला बळी पडू शकत होते. जीनूपीजीच्या, म्हणजे जीपीजीच्याच, २.२.८ आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला. दोन्ही प्रवाह एकत्र करण्याची सवय मात्र अजून दिसते. मी जीपीजीव्ही हे फक्त सही तपासणारे साधन वापरतो, त्याला एकच चावी असलेली कीरिंग देतो, आणि व्हॅलिडसिग या स्टेटस ओळीतला चावीचा पूर्ण ४० अंकी फिंगरप्रिंट अपेक्षित फिंगरप्रिंटशी जुळवतो. आठ अंकी आखूड ओळख कधीही वापरू नये. तशीच ओळख असलेली दुसरी चावी साध्या संगणकावर तयार करता येते.

बाकीच्या चुका थोडक्यात

खरी खासगी चावी चाचणीच्या रिपॉझिटरीत ठेवणे. यावर मी चर्चा करत नाही.

ज्या सर्व्हरवरून पॅकेज येते तेथूनच चाचणीच्या वेळी सार्वजनिक चावी उतरवणे. सर्व्हर ज्याच्या ताब्यात गेला, त्याच्याच चावीने त्याचे पॅकेज उत्तीर्ण होईल.

एका वर्षाच्या मुदतीची चाचणी-चावी बनवून ती रिपॉझिटरीत टाकणे. वर्षभराने एका सकाळी सगळ्या चाचण्या एकदम लाल होतात, आणि तोवर ती बनवणारा बंगळुरूला गेलेला असतो. चावी प्रत्येक वेळी नवी बनवावी. मुदत संपलेल्या चावीची चाचणी हवीच असते. तिच्यासाठी जीपीजीला खोटी तारीख देण्याचा पर्याय आहे, यंत्राचे घड्याळ हलवू नये.

डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रत्येक डेब (पॅकेज) फाइलमध्ये सही शोधत बसणे. तेथे सही रिलीज फाइलवर असते, तिच्यात पॅकेजेसच्या यादीचे हॅश असतात आणि यादीत प्रत्येक डेबचा हॅश असतो. चाचणी या साखळीची करावी : यादीतला एक हॅश बदलून तेथले पॅकेज बसवणारे साधन एपीटी नकार देते का ते पाहावे. चाचणीच्या यंत्रावरील सोर्सेसच्या, म्हणजे भांडारांच्या यादीच्या, ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहिलेले असेल तर ती चाचणी काहीच तपासत नाही.

जुन्या यंत्रावरच तपासून समाधान मानणे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी शा-१ या हॅशपद्धतीची प्रत्यक्ष टक्कर, म्हणजे एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली, घडवून दाखवली, आणि २०२२ मध्ये आलेले रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मूळ धोरणानुसार शा-१ वर आधारलेल्या सह्या स्वीकारत नाही. आम्ही प्रत्येक पॅकेज ग्राहकांकडच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर तपासतो.

कंटेनरमध्ये जीपीजीचा एजंट, म्हणजे चाव्या सांभाळणारा पार्श्वभूमीतला प्रोग्राम, सुरूच होत नाही, ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. जीपीजीचे घर बिल्डच्या लांबलचक मार्गाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असते, त्यातच एजंटशी बोलण्याचे सॉकेट तयार होते, आणि लिनक्सवर सॉकेटच्या मार्गाला १०८ बाइटांची मर्यादा आहे. त्रुटीच्या संदेशात हे कारण स्पष्टपणे येत नाही, त्यामुळे लोक चाव्या पुन्हा पुन्हा बनवत बसतात. टेंप फोल्डरमध्ये मेकटेंपने आखूड नावाचे घर बनवावे, त्याचे अधिकार ७०० ठेवावेत, आणि चाचणी संपल्यावर जीपीजीकॉन्फने एजंट बंद करून मगच ते पुसावे.