थांबायचं कुठे, ते आपण ठरवायचं

गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगाव, हे माझ्या टॅक्सीचं नेहमीचं भाडं. दिवसा रस्ता मजेचा. रात्री दोनला मात्र घाटात मोबाइलची रेंज येते-जाते आणि मैलभर दिवा दिसत नाही. एकदा रिकामी गाडी घेऊन परतताना वळणावर मोटारसायकल आडवी आणि दोघे हात हलवत उभे. माझा पाय ब्रेकवर गेलाच. पण पडलेल्या गाडीकडे दोघांपैकी कुणी बघत नव्हता आणि एकजण सरकत सरकत रस्त्याच्या मधे येत होता. हॉर्न दाबून कडेने निघालो, खाली केरीच्या चेकपोस्टवर पोलिसांना सांगितलं. खरंच पडले होते की गाडी लुटायला नाटक करत होते, आजही ठाऊक नाही. बायको म्हणाली, "अहो, लागलं असतं तर?" म्हणून तर चेकपोस्टवर थांबलो. रेंज असेल तर ११२ लावायचा. एकट्याने खाली उतरायचं नाही.

मागून कुणी हलकेच ठोकलं तरी तसंच. भांडायला तिथल्या तिथे दार उघडू नका. इंडिकेटर घाला, हाताने खूण करा आणि उजेडातल्या पेट्रोल पंपावर जाऊन बंपर बघा. बंपर परत मिळतो.

सिग्नलला पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढी जागा सोडा, म्हणजे रिव्हर्स न घेता बाजूने काढता येते. दारं लॉक, काचा वर, पर्स पायाशी. आणि रोस ऑम्लेटच्या गाड्यावर पार्सल घेताना इंजिन चालू ठेवून उतरणारे आमच्याकडे कमी नाहीत! चोराला आणखी काय हवं? चावी खिशात, मगच ऑम्लेट.

माझ्या धंद्यातलाही धोका सांगतो. वाटेत हात करून बसलेलं भाडं मध्येच म्हणतं, "पात्रांव (म्हणजे मालक), जरा आतल्या रस्त्याला घे." अशा वेळी मी मोठ्याने घरी फोन लावतो: अमुक ठिकाणी आहे, दोन माणसं आहेत. ज्याला खरंच घरी जायचंय, तो रागावत नाही.

आता कुणी सुरा किंवा पिस्तूल दाखवलंच, तर गाडी द्या. हात दिसतील असे ठेवा. बेल्ट सोडण्याआधी "बेल्ट सोडतो" म्हणा, कारण हात अचानक कमरेकडे गेला की समोरचा बिथरतो. मागच्या सीटवर मूल असेल तर लगेच सांगा, "मूल आहे, त्याला घेतो." ते घेऊन गाडीपासून लांब व्हा. पाठलाग नको. चेहरा, बोली, चप्पल-बूट, कुठल्या दिशेला गेले, एवढं डोक्यात ठेवा.

मग ११२. तक्रार जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द तुमची नसली तरी. झीरो एफआयआर म्हणतात त्याला. फास्टॅग बंद करा, फोनही गेला असेल तर सिम बंद करा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. चोरीच्या दाव्यात ती गाडीच्या दोन्ही चाव्या मागते, म्हणून एक चावी चोरट्यांनी धाक दाखवून नेली, हे एफआयआरमध्ये आठवणीने लिहून घ्या.