युरोपात कंपनी एका देशात, काम दुसऱ्या देशात: अडवलं तर काय करायचं

युरोपियन युनियन म्हणजे एकच बाजारपेठ म्हणतात खरं, पण जर्मनीतल्या कंपनीने बेल्जियममध्ये काम घेतलं की पहिला प्रश्न, तुमचं इथे ऑफिस कुठेय? घाबरू नका. २००६ च्या सर्व्हिसेस डायरेक्टिव्हप्रमाणे (सेवा देण्याबद्दलचा युनियनचा कायदा) तात्पुरतं काम करायला येणाऱ्यावर तिथे ऑफिस उघडायची सक्ती करता येत नाही.

पण आधी हे बघा, कारण आपली मंडळी इथेच गडबडतात. हा हक्क युनियनच्या नागरिकांना आणि तिथे रजिस्टर झालेल्या कंपन्यांना आहे, भारतीय पासपोर्टवर एकट्याने फ्रीलान्स करणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही. कंपनी मात्र मालक कुठलाही असला तरी युरोपियनच धरतात (माणूस प्रत्यक्ष पाठवायचा तर व्हिसा आणि ए-वन सर्टिफिकेटचं, म्हणजे सोशल सिक्युरिटी कुठल्या देशात भरता त्याच्या दाखल्याचं, वेगळं बघा). आणि बँकिंग, ट्रान्सपोर्ट, आरोग्यसेवा या डायरेक्टिव्हमध्ये येतच नाहीत.

मग त्या देशाचं पॉइंट ऑफ सिंगल कॉन्टॅक्ट, म्हणजे सरकारची एक-खिडकी वेबसाइट, शोधा, लायसन्स लागतं का ते तिथेच कळतं आणि अर्जही ऑनलाइन करता येतो. अर्जाची पोच नक्की घ्या, कारण ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं तर सहसा परवानगी मिळाली असं धरतात, अपवाद आहेत, म्हणून उत्तर नाही आलं तर परवानगी धरली जाईल असं पोचेवर लिहिलंय का ते बघा. बाजारात आणखी एकाची गरज आहे का ते सिद्ध करा म्हणाले तर याच डायरेक्टिव्हचं कलम १४ दाखवा, ती अट घालायला त्यात बंदी आहे.

पैशाचं दुखणं वेगळंच. फॉर्मवर आयबॅनच्या (आंतरराष्ट्रीय अकाउंट नंबरच्या) रकान्यात डीई, म्हणजे जर्मनी, आधीच छापलेलं असतं आणि तुमचा अकाउंट लिथुआनियाचा, म्हणजे एलटी, बसला अडकून. युरोमधल्या पेमेंटला अकाउंट कुठल्या देशातला हवा हे ठरवायला सेपाच्या, म्हणजे युरो पेमेंटच्या सामायिक व्यवस्थेच्या, २०१२ च्या नियमाने (२६०/२०१२, कलम ९) मनाई आहे. हा नियमाचा नंबर टाकून अडवणाऱ्या कंपनीला मेल करा, तरी ऐकलं नाही तर त्या देशाच्या सेपा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार.

सरकारी ऑफिसच अडवत असेल तर सॉल्विट, म्हणजे अशा तक्रारी कोर्टाबाहेर सोडवणारी युनियनची सेवा. फुकट आहे, दहा आठवड्यांत तोडगा काढायचं टार्गेट असतं, पण आधीच कोर्टात गेलात तर ते हात लावत नाहीत. फोनवर नाही म्हणाले असतील तर तेच मेलवर लिहून मागा आणि सॉल्विटच्या अर्जाला जोडा.