घरचा मेल सर्व्हर आणि परक्यांचं टपाल

भुसावळला घरी जुन्या डेस्कटॉपवर मी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर चालवतो. जळगाव-धुळ्याकडची बीसीए, डिप्लोमाची मुलं शिकायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: लाइट गेली तर मेल बुडतो का? नाही बुडत. पाठवणारा सर्व्हर थांबून-थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर मुळातच ५ दिवस मेल रांगेत धरून ठेवतो. खरी काळजी ओपन रिलेची. म्हणजे कुणीही उपरा तुमच्या सर्व्हरवरून तिसऱ्यालाच स्पॅम धाडतो, आणि काळ्या यादीत आयपी जातो तुमचा.

नवं पोस्टफिक्स आपणहून रिले उघडा ठेवत नाही. तो उघडतो आपण, बहुधा 'मायनेटवर्क्स' या सेटिंगमधल्या यादीतून. या यादीतल्या पत्त्यांना पासवर्ड न विचारता बाहेर मेल पाठवता येतो. घरच्या फोन-लॅपटॉपची सोय म्हणून त्यात १९२.१६८.१.०/२४, म्हणजे घरच्या नेटवर्कचे सगळे पत्ते, घालतात. पण काही राउटर पोर्ट फॉरवर्ड करताना, म्हणजे बाहेरची जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवताना, बाहेरच्याचा मूळ पत्ता पुसून स्वतःचा १९२.१६८.१.१ लावतात. डॉकरमध्येही (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) कधी कधी त्याच्या आतल्या नेटवर्कच्या ब्रिजचाच पत्ता दिसतो. मग सर्व्हरला अख्खं जग घरचंच! लॉगमध्ये बाहेरची प्रत्येक जोडणी एकाच पत्त्यावरून आलेली दिसली, की समजा हेच झालंय. म्हणून मी मुलांना सेटिंग शिकवण्याआधी लॉग वाचायला बसवतो.

उपाय सरळ आहे. मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.०/८ आणि आयपीव्ही६चं लोकलहोस्ट, म्हणजे सर्व्हरचे स्वतःचेच पत्ते, ठेवा. आईच्या फोनलासुद्धा लॉगिन हवंच: पोर्ट ५८७, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सक्तीचं. दुसरे सर्व्हर मेल आणून देतात त्या पोर्ट २५ वर लॉगिन बंद. तिथे फक्त आपल्या डोमेनचे मेल घ्यायचे. पासवर्ड लांब ठेवा, फेलटूबॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं साधन) लावा, कारण फुटलेला पासवर्डही रिलेच उघडतो.

तपासणी घरातून करू नका. भाड्याच्या व्हीपीएसवरून (इंटरनेटवरच्या दुसऱ्या सर्व्हरवरून) पोर्ट २५ ला टेलनेट करा, म्हणजे जोडून मेलच्या आज्ञा हाताने टाइप करा. मोबाइल डेटावर ते पोर्ट बऱ्याचदा बंद असतं. पाठवणारा परक्या डोमेनचा द्या, घेणाराही परक्याच डोमेनचा. घेणाऱ्याचा पत्ता दिल्यावर उत्तरात '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड' आलं तर काम झालं. ४५४ आलं तर नकार तात्पुरता आहे, रिलेच्या सेटिंगमधल्या 'डिफर'च्या जागी 'रिजेक्ट' लिहा. आणि तिथे २५०, म्हणजे होकार, आला तर आधी राउटरवर पोर्ट २५ बंद करा, मग रांगेत काय साचलंय ते पाहा, सेटिंगला हात त्यानंतर.