फॅट बाईकचं वजन कमी करायचंय? आधी काटा आणा, मग पार्ट्स

गोव्यात मोरजीपासून आश्वे-मांद्रेपर्यंत सुकतीच्या वेळी ओल्या कडक वाळूवरून फॅट बाईक, म्हणजे चार इंची जाड टायरची सायकल, चालवणं म्हणजे काय सुख आहे ते ज्याने चालवलीय त्यालाच कळेल, पण तीच सायकल घेऊन दिवाडीला फेरीतून उतरून टेकडीवरच्या चर्चचा चढ चढायला लागलं किंवा चोर्ला घाटाच्या दिशेने तोंड केलं की मांड्या भरून येतात. माझी सायकल घेतली तेव्हा १८.४ किलो होती, आज १४.७ आहे. फ्रेम तीच, रिम त्याच, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तोच. दीड वर्षात हळूहळू केलंय सगळं आणि त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, आधी कार्बनचं हँडल घेतात आणि साईड स्टँड तसाच लोंबकळत असतो.

पहिलं काम म्हणजे वजन करणं. बॅगा वजन करायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, सोप्याच्या वाश्याला अडकवा आणि पूर्ण सायकल सीटखाली धरून टांगा. छोट्या पार्टसाठी स्वयंपाकघरातला काटा पुरतो. जो पार्ट सुटेल तो काट्यावर ठेवायचा आणि वहीत लिहायचा. मग नवीन पार्टची किंमत भागिले वाचलेले ग्रॅम. २००० रुपयांत २०० ग्रॅम वाचत असतील तर ग्रॅमला १० रुपये पडले. हा हिशोब समोर असला की दुकानात मन चळत नाही. कंपनीच्या साईटवर लिहिलेलं वजन आणि हातात आलेल्या पार्टचं वजन यात फरक असतो, तेव्हा पार्ट आला की परत काटा.

मग फुकटात निघतं ते काढा. माझ्या सायकलचा स्टँड ४२० ग्रॅम, मडगार्ड ३१०, स्पोकमधले रिफ्लेक्टर आणि फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चाकांच्या) मागची प्लास्टिकची थाळी मिळून १२०. झाले की ८५० ग्रॅम, एक पैसा न घालवता. मडगार्ड पावसात परत लावतो, जून ते सप्टेंबर आपल्याकडे त्याच्याशिवाय पाठ लाल चिखलाने भरते. मागचा लाल रिफ्लेक्टर, लाईट आणि घंटी मात्र काढू नका, ग्रॅम वाचवायची ती जागाच नाही.

आता खरा मुद्दा, चाकं. फॅट बाईकचं जास्तीचं वजन बहुतेक सगळं चाकात असतं आणि तेही बाहेरच्या कडेला, जिथे ते प्रत्येक वेळी वेग घेताना फिरवावं लागतं. सीटमधले ५०० ग्रॅम कमी झाले तर चढावर थोडा फरक कळतो, पण टायर-ट्यूबमधले ५०० कमी झाले की पहिल्या पॅडललाच कळतं, सायकल उठते चटकन.

माझ्या २६ बाय ४ च्या ट्यूबा काट्यावर ठेवल्या तर एकेक ५१० ग्रॅम भरली. दोन्ही मिळून किलोच्या वर, नुसती हवा धरून ठेवायला! सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे २६ बाय २.४ च्या आसपासची साधी माउंटन बाईकची ट्यूब घालणं, ती २०० च्या जवळपास असते, फॅट टायरमध्ये ताणून बसते आणि चालते. पण ताणलेलं रबर पातळ होतं, पंक्चर लवकर होते, आणि आपल्याकडे काजूच्या बागांतून, काट्याकुट्यातून गेलात तर खिशात पॅच हवाच. मी हे दोन महिने केलं आणि मग ट्यूबलेसकडे वळलो.

ट्यूबलेससाठी रिम त्या जातीची नसेल तरी जमतं, त्याला स्प्लिट ट्यूब म्हणतात. २४ इंची साधी ट्यूब घ्या, तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून काढा, ट्यूब रिमवर ताणून चढवा, थोडी हवा भरा आणि बाहेरच्या बाजूने बरोबर मधोमध कात्रीने पूर्ण गोल कापा. आता ती फुलासारखी उघडते, दोन्ही कडा रिमच्या बाहेर पसरून ठेवा. वर टायर बसवा, कडांना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हची आतली सुई काढून टाका म्हणजे हवा एकदम घुसते, आणि हातपंपाच्या नादी लागू नका, एवढ्या मोठ्या टायरला त्याची हवा पुरत नाही, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर न्या. टायरच्या कडा रिमवर बसल्या की ठाप्प ठाप्प आवाज येतो, पहिल्यांदा दचकायला होतं. टायरवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या वर मात्र जाऊ नका. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधून प्रत्येक चाकात १५० मिली सीलंट (बारीक भोकं बुजवणारं द्रव), सुई परत लावा, हवा भरा आणि चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवत राहा. बारीक फेस येतो रिमच्या कडेला, अर्ध्या तासात बंद होतो. नसेल बंद होत तर टायर रिमवर सैल आहे, रिमच्या मधल्या खोबणीत फोमची पट्टी घालून ती भरून घ्यावी लागते. एक रात्र ठेवून, हवा टिकली की बाहेर आलेलं जास्तीचं रबर ब्लेडने कापून टाका. माझ्याकडे कापल्यावर उरलेलं रबर १३० आणि सीलंट १५०, म्हणजे चाकामागे २३० ग्रॅम वाचले, दोन्हींचे ४६०. उन्हाळ्यात सीलंट सुकतं, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी बघायचं आणि थोडं वाढवायचं.

टायर हा त्यानंतरचा आणि सगळ्यात महागडा घास. तारेच्या कडेचे माझे टायर १७२० ग्रॅमचे होते, घडी होणारे १२० टीपीआयचे (कापडात इंचाला १२० धागे) घेतले ते १२६०. दोन्हींचे ९२० ग्रॅम गेले. याहून हलके, किलोच्या आसपासचे पण मिळतात पण त्यांच्या बाजू पातळ असतात आणि चिऱ्यांच्या धारदार खडकावर त्या कापल्या जातात, म्हणून मी मधलेच घेतले. पैसे एकाच गोष्टीला असतील तर इथेच घाला.

रिमला हलकं करायला घरी ड्रिल मारू नका, अजिबात. भोकांच्या रिम येतात त्या तशा डिझाइन केलेल्या असतात, आपण मारलेलं भोक कुठून चीर देईल सांगता येत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. लोखंडी सीटपोस्ट ५६० चा होता, अॅल्युमिनियमचा २९० आला, जेलची जाड सीट ६१० ची काढून ३१० ची घातली. सीटपोस्ट घेताना व्यास फ्रेमच्या नळीत कॅलिपर घालून मोजा, २७.२, ३०.९, ३१.६ असे वेगवेगळे असतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक पण चालत नाही. हँडल ६४० वरून ३२०. पॅडलमध्ये १३० वाचले, तेवढेच.

गिअरचं जरा नीट वाचा. पॅडलजवळची तीन दातेरी चाकं, म्हणजे चेनरिंग, काढून एकच ठेवलं की पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग), डावा शिफ्टर, केबल सगळं जातं, माझे ४५० ग्रॅम गेले आणि वाळू अडकायची एक जागा पण गेली. पुढे ३० दातांची नॅरो-वाइड (एक दात बारीक, एक रुंद, म्हणजे चेन सुटत नाही) चेनरिंग, मागे १४-३४ चं सात स्पीडचं फ्रीव्हील, याच्यावर मी आमच्या इथले सगळे चढ चढतो. पण दोन अडचणी आहेत. स्वस्त सायकलवर चेनरिंग क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) रिव्हेटने ठोकलेल्या असतात, सुटत नाहीत, म्हणजे क्रँकच बदलावा लागतो, आणि फॅट बाईकची बॉटम ब्रॅकेटची नळी (क्रँकचा आस जिथे फिरतो ती) १०० मिलिमीटरची असते, काहींची १२०, तिथे साध्या माउंटन बाईकचा क्रँक बसत नाही. दुसरं, मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट ते बघा. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या गाभ्यावर) आट्यांनी बसतं, तिथे हलकी कॅसेट लावायची तर हब बदलायला लागतो आणि फॅटचे मागचे हब १७०, १७७, १९०, १९७ मिलिमीटर अशा मापांचे येतात. मोजल्याशिवाय ऑनलाइन चाक मागवू नका.

आता आपल्या खाऱ्या हवेबद्दल, कारण थंड प्रदेशातल्या लोकांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. अॅल्युमिनियमचे रंगीत हलके बोल्ट लावून १५-२० ग्रॅम वाचतात पण स्टीलशी टेकून मिठात ते खाल्ले जातात, स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि ब्रेकला तर लावूच नका, स्टेनलेसच ठेवा. माझा नवीन सीटपोस्ट मी घाईत कोरडाच घातला होता. पावसाळ्यानंतर तो फ्रेममध्ये असा धरून बसला की तेल सोडून दोन दिवस ठेवला, मग सीट पकडून पिळून पिळून काढला तेव्हा पांढरी भुकटी पडली नळीतून. तेव्हापासून अॅल्युमिनियमला ग्रीस, कार्बनचा पोस्ट असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट, आणि दर दोन महिन्यांनी काढून पुसायचा. कार्बनचं काहीही घट्ट करताना टॉर्कचा पाना वापरा आणि पार्टवर लिहिलंय तेवढंच, बऱ्याचदा ते ५ न्यूटन मीटर असतं.

वजन कमी झाल्यावर हवेचं गणित पण बदललं. ट्यूबलेस असल्याने मी वाळूवर ५-६ पीएसआयपर्यंत उतरतो, रस्त्यावर १२-१५. साध्या पंपाचा काटा एवढ्या खाली नीट दाखवत नाही, कमी प्रेशरचा वेगळा गेज घ्या. आणि नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत मोरजी, मांद्र्याला कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा वरच्या सुक्या वाळूत आणि वन खात्याने कुंपण घातलंय त्याच्या जवळपास सायकल नको, पाण्याच्या कडेनेच चला.

फोर्क मी अजून बदललेला नाही. वहीत त्याच्यासमोर ग्रॅमला पडणारा भाव लिहून ठेवलाय, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. पण कुणाच्या सायकलला पुढे नावापुरतं सस्पेन्शन असेल, दाबलं तर हलत पण नाही असं, तर त्याने आधी तोच काढून अॅल्युमिनियमचा साधा फोर्क घालावा, एकाच पार्टमध्ये किलोच्या वर वाचू शकतं आणि चार इंची टायरच धक्के गिळतो. फक्त जुन्या फोर्कची लांबी, म्हणजे एक्सलपासून वर तो फ्रेमला टेकतो तिथपर्यंतचं माप घेऊन त्याच्या जवळपासचाच घ्या, नाहीतर पुढचं तोंड खाली जातं आणि उतारावर हँडल अंगावर आल्यासारखं वाटतं.