ड्रायव्हरचा लॉफ्ट मे महिन्यात ठरवू नका

दर उन्हाळ्यात गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) कोणीतरी नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, घेऊन येतो आणि सोलवरचा (तळावरचा) ९ चा आकडा कौतुकाने दाखवतो. हा लॉफ्ट: फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, किती डिग्री मागे कललेली आहे ते. आकडा लहान म्हणजे खेळाडू मोठा, अशी काहीतरी समजूत आहे. स्विंग ताशी ८५ मैलांचा, लॉफ्ट मात्र टूरवर खेळणाऱ्या व्यावसायिकांचा!

हसायला मला तोंड नाही. मीही एका मे महिन्यात सेकंडहँड ९ डिग्री घेतला होता. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातला गोल्फ कोर्स, जमीन तापून टणक झालेली. बॉल जेमतेम डोक्याइतका वर जायचा, पण पडला की घरंगळत राहायचा. घरी येऊन बायकोला सांगितलं, वीस यार्ड वाढले. जुलैत पाऊस लागला. तोच ड्रायव्हर, तोच फटका, आणि बॉल पडला तिथेच रुतून बसला. वाढलेले वीस गेले, वर गाठीचेही गेले. बॅग उचलणारा कॅडी बॉल पुसत म्हणाला, "साहेब, बॉल उपर जतो ज नथी." जोडीदाराचा १२ डिग्रीचा मागून घेऊन मारला, तर बॉल झाडांच्या शेंड्यांवरून गेला.

वेग कमी असेल तर बॉल हवेत टिकायला उंची आणि बॅकस्पिन (बॉलची उलटी गिरकी) दोन्ही लागतात. टूरवरच्या बायकांचा क्लबचा वेग साधारण ताशी ९४ मैल, आणि त्यांचा बॉल जमिनीशी सुमारे १३ डिग्रीचा कोन करून उडतो. ११३ मैलांनी मारणाऱ्या पुरुषांचा ११ च्या आसपास. तुम्ही ९० च्या खाली असाल तर १०.५ लॉफ्टपासून वर बघा, १२ ला लाजू नका.

दुसरी चूक स्लाइसवाल्यांची. बॉल उजवीकडे पळतो म्हणून हॉझल (दांडा डोक्याला जोडतो ती जागा) फिरवून लॉफ्ट कमी करतात. त्याने फेस थोडा उघडतो (उजवीकडे वळतो), बॅकस्पिन घटते आणि बॉल आणखी वळतो. आगीत तेल. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, तेवढी तरी मदत घ्या. पाना 'टक्' वाजेपर्यंत फिरवा. आणि राउंड चालू असताना हात लावू नका, नियमात बसत नाही.

बॉल फुग्यासारखा वर जाऊन जागीच पडतोय? लगेच लॉफ्टला दोष नको. आधी टी (बॉल ठेवायची खुंटी) बघा, अर्धा बॉल क्राउनच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या माथ्याच्या, वर दिसला पाहिजे. मग फेसवर टाल्कम पावडर लावून मारा. ठसा खाली उमटत असेल तर नवा ड्रायव्हर घेऊन काही होणार नाही.

छापलेल्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका, खरा लॉफ्ट एखाद्या डिग्रीने इकडेतिकडे निघतो.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक सेटिंगला दहा बॉल, तेही स्वतःचे, रेंजवरचे झिजलेले नव्हेत. बॉल थांबला कुठे ते बघत नाही, टप्पा कुठे पडला तेवढं बघतो. तीन बॉल मारून दुकानात पैसे मोजणाऱ्यांना आता मी काही सांगत नाही. जुलैत भेटतातच.