पीडीएफमधला मजकूर बदलायचाय? आधी फॉन्टचा टॅब उघडा

नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांना पीडीएफ म्हणजे कुलूप लावलेली वर्ड फाइल वाटते. किल्ली मिळाली की झालं! प्रत्यक्षात पीडीएफमध्ये परिच्छेद असा नसतोच. ‘अमुक फॉन्टमधलं अमुक अक्षर पानाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून इतक्या पॉइंटवर काढा’ अशा सूचना त्यात असतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. त्यामुळे मधे दोन शब्द घातले तर पुढच्या ओळी आपोआप खाली सरकत नाहीत. परिच्छेद कुठे सुरू होतो, कुठे संपतो याचा सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि तो चुकला की ओळी एकमेकींवर चढतात.

म्हणून पहिली चौकशी मूळ फाइलची. वर्ड, इनडिझाइन, काही का असेना, ती मिळाली तर तीत दुरुस्ती करून नवी पीडीएफ काढा. पुढचं सगळं ती मिळत नसेल तरच.

आता माउसने एखादी ओळ निवडून पाहा. निवडली गेली नाही तर पान स्कॅन केलेलं आहे. निवडली गेली तरी लगेच निश्चिंत होऊ नका. ४०० टक्के मोठं करून पाहा. अक्षरांच्या कडा फुटत असतील तर दिसतंय ते चित्र आहे आणि ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) ओळखलेला मजकूर त्याच्यामागे अदृश्य बसलाय. तो बदलून समोरचं अक्षर तसूभरही हलणार नाही.

खरा मजकूर असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्ट्सचा टॅब बघा. फॉन्टपुढे ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं असेल तर दस्तऐवजात वापरलेलीच अक्षरं फाइलमध्ये भरलेली आहेत. मजकुरात कुठेच ‘झ’ नसेल तर त्या फॉन्टात तुम्हाला ‘झ’ मिळणार नाही. तिथे चौकोन येईल किंवा भलत्याच फॉन्टातलं अक्षर. तोच फॉन्ट आपल्या संगणकावर बसवून घेणं हा त्यावरचा सरळ उपाय.

मराठीत याहून मोठी अडचण आहे. ‘किंमत’ टाइप करताना आधी क आणि मग वेलांटी येते, पण कागदावर वेलांटी आधी काढली जाते. अनेक पीडीएफ हा काढण्याचाच क्रम जपतात. मग कॉपी केल्यावर वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात तर आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात. तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, आणावा लागतो आणि नंतर वाचून दुरुस्त करावा लागतो. एखादा आकडा किंवा तारीख बदलायची असेल तर पीडीएफमध्येच बदला. मराठीचा अख्खा परिच्छेद बदलायचा असेल तर पान नव्याने टाइप करणंच बहुधा लवकर होतं.

साधनांचं म्हणाल तर रीडर फुकट आहे, पण त्यात मजकूर बदलता येत नाही. ती सोय अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या ‘एडिट पीडीएफ’मध्ये. फुकटात लिब्रेऑफिस ड्रॉ चालतं. तिथे प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत उघडते. परिच्छेदाच्या सगळ्या चौकटी निवडून ‘शेप’ मेनूतलं ‘कन्सॉलिडेट टेक्स्ट’ वापरलं की त्या एक होतात. ड्रॉमध्ये नुसतं सेव्ह करून पीडीएफ बदलत नाही, ‘एक्सपोर्ट’च करावं लागतं; नवे लोक हमखास इथे अडकतात. वर्ड २०१३ पासून पीडीएफ उघडतं, पण रूपांतर करून. सलग मजकूर बरा येतो, तक्ते आणि तळटीपा विस्कटतात.

स्कॅनसाठी ओसीआर. पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. टेसरॅक्ट या फुकटच्या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठीचा ‘एमएआर’ डेटा द्या, किंवा फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. नंतर घ-ध, भ-म, ब-व या जोड्या आणि सगळे आकडे मूळ पानाशी ताडून पाहा. स्पेलचेक आकड्यातली चूक पकडत नाही.

जुन्या शब्दावर पांढरी पट्टी ठेवून वर नवा लिहिणं ही सर्रास चालणारी युक्ती. छापायचं असेल तर ठीक. पाठवायचं असेल तर नको, कारण पट्टीखालचा शब्द शोधला तर सापडतो आणि कॉपीही होतो. काळी पट्टीही तशीच. गोपनीय मजकूर अ‍ॅक्रोबॅट प्रोमधल्या, मजकूर कायमचा पुसणाऱ्या ‘रिडॅक्ट’ साधनाने खूण करून ‘अप्लाय’ करायचा. नुसती खूण करून सोडलं तर काहीच पुसलं जात नाही. नंतर ‘सेव्ह अ‍ॅज’ने नव्या नावाची फाइल करा, कारण साध्या सेव्हमध्ये बदल शेवटी जोडले जाऊन जुना मजकूर आत राहू शकतो.

डिजिटल सही असलेल्या पीडीएफला हात लावू नका. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सहीची पडताळणी फसते. बदल हवाच असेल तर मूळ फाइल दुरुस्त करून सही नव्याने घ्यावी लागते.

पाठवण्याआधी ती पीडीएफ तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडा आणि बदललेला शब्द शोधून पाहा. शोधात तो सापडला नाही तर आतले संकेत बिघडलेत, समोर कितीही नीट दिसत असला तरी.